फालानिकोची न वाकणारी कंबर

गावात बातमी उठली ती अशी: ऑकलंडच्या लेकीने कपडे धुण्याचं यंत्र पाठवलं आणि तेव्हापासून फालानिको कुणापुढे वाकेनासा झाला. साफ खोटं. यंत्र आलं नाताळात. कंबर ताठली फेब्रुवारीत. पण एवढा हिशेब करायला आमच्या सवाई बेटावर सवड कुणाला? चर्चच्या पायरीवर बायका पंख्याआडून हसत होत्या, त्यात त्याच्या शेजारपाजारच्याही होत्या, हे कबूल.

आमच्याकडे 'उंच'ला शब्द एकच, माउआलुंगा. डोंगर माउआलुंगा, घराचा माथा माउआलुंगा आणि मताईंचा, म्हणजे कुळप्रमुखांचा, मानही माउआलुंगाच. साडेसहा फुटी माणसाला मात्र कुणी तो शब्द लावत नाही. तो नुसता 'लांब'. लांब माणसाने बसलेल्यांपुढून जाताना 'तुलोऊ, तुलोऊ', म्हणजे 'माफी असावी', पुटपुटत इतरांहून दुप्पट वाकायचं. फालानिको सव्वीस वर्षं तसा वाकला. थोरांची चूल पेटवली, टारोचे कंद सोलले, बैठकीत 'कावा' या मानाच्या पेयाच्या वाट्या फिरवल्या. का, तर चुलत्याची मताईपदवी रिकामी होती आणि ती सेवा करणाऱ्यालाच मिळते. शेवटचा शब्द थोरल्या मताईंचा, आलातासींचा.

त्यांच्याच सभाघराचं छप्पर दुरुस्त करताना, चौथ्या दिवशी बैठक उठून गेल्यावर, तो वरून नारळासारखा आदळला. पाहिलं फक्त बायकोने, फुआतिनोने. रोज ती गरम तेलाने त्याची कंबर चोळायची आणि रोज तेच बोलायची.

"सांगून टाक ना एकदाचं. कंबरच मोडलीय, चोरी नाही केलीस."

"मोडक्या माणसाला कोण मताई करतंय? सांगितलं की इसाको उद्याच पदवीच्या समारंभाला नेसायचा नवा लावालावा शिवायला टाकेल."

"तुझा तो चुलतभाऊ? त्याने केव्हाच टाकलाय!"

फालानिको हसायला गेला आणि कळ मस्तकात गेली.

सोमवारी बैठक भरली. कावा द्यायची पाळी त्याचीच. तो वाटी घेऊन निघाला. 'तुलोऊ' तोंडातून आलं, पण पाठ जागची हलली नाही. कपाळावर घाम डवरला. गुडघे वाकवून पाहिले, तशी वाटी हिंदकळली आणि कावा आलातासींच्या चटईवर सांडला. आणि हा त्यांच्यासमोर माडासारखा सरळ उभा!



"फालानिको," आलातासी सावकाश म्हणाले, "घरात यंत्र आलं म्हणून तू माउआलुंगा झालास होय?"

"वरून आम्ही केवढेसे दिसतो रे, दादा?" इसाकोने हळूच काडी टाकली. दोघे-तिघे फिसकन हसले.

फालानिकोने खांबापलीकडे पाहिलं. बाहेर फुआतिनो ओठ आवळून उभी होती. खरं बोललं तर सव्वीस वर्षांच्या सेवेची पदवी गेली. गप्प बसलं तर जन्मभर उर्मट ठरणार. त्याने रिकामी वाटी दोन्ही हातांत घट्ट धरली.

"महाराज," तो म्हणाला, "तुमचं छप्पर गळत होतं तेव्हा चार दिवस मी तुमच्या डोक्यावर उभा होतो. तुम्ही खाली बसून कावा पीत होतात. तेव्हा कुणाला माझी उंची खुपली नाही. तिथूनच पडलो, म्हणून आज वाकता येत नाही."