लेकीची अर्धीच पदवी

मंडळी, आज स्वतःचीच लाज वाटतेय.

सकाळी फरीदाबादच्या आपल्या मराठी मंडळात नागपूरहून बदलून आलेल्या एका काकांनी विचारलं, "लेक काय शिकते?"

ईरा कला आणि बिझनेस अशी जोडपदवी करतेय. जीव सगळा इतिहासात. मी मात्र ऐटीत म्हणालो, "बिझनेस!" ती शेजारीच पोहे खात होती.

काकांनी मग तिला विचारलं, "आणि बाबा काय करतात गं?"

"सरकारी नोकरी."

"बस्स?"

"बिल्कुल!"

इतकी वर्षं विनोदी लेख लिहून जगाची सालं काढणारा मी गाडीत फुगून बसलो. "मी लिहितो, हे का नाही सांगितलंस?"

"यार बाबा, तूच शिकवलंस ना आत्ता? कमाईचं तेवढंच सांगायचं."

 तुम्ही घरातल्या कुणाबद्दल सांगताना काय गिळून टाकता?