एका मिनिटाला एकवीस थेंब

आमच्या भागात सलाईनला बाटली म्हणतात. माणूस गळून गेला की बाटली लावायची, नळीवरचं चाक पार सोडून द्यायचं, आणि ती संपली की रुमाल झटकून घरी निघायचं. गावातल्या दवाखान्यात मी लहानपणापासून हेच बघत आले. त्यामुळे बाटली जितकी लवकर संपेल तितका गुण लवकर येतो, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं आहे. ते काढायला गेले आणि मीच थकले.

आई युसूफ वडगावला एकटी राहते. तिला जुलाब-उलट्यांनी घेरलं, म्हणून मी तिला तालुक्याच्या दवाखान्यात आणलं. जीभ कोरडी, डोळे आत गेलेले. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "अंगातलं पाणी गेलंय, ते द्यावंच लागेल. पण यांचं हृदय कमजोर आहे. घाईनं दिलं तर फुफ्फुसात पाणी होईल. हळूच जायला पाहिजे."

म्हणजे पाणी दिलं नाही तरी धोका, आणि पटकन दिलं तरी धोका. मधली वाट फक्त त्या चाकाच्या हातात.

वॉर्डात सिस्टर एकच होती, आणि थेंब आपोआप मोजून सोडणारं मशीन फक्त आतल्या अतिदक्षता खोलीत. तिनं मला हिशोब सांगितला. बाटली पाचशे मिलीची. या नळीतून एका मिलीचे वीस थेंब पडतात. म्हणजे झाले दहा हजार थेंब. ते आठ तासांत घालवायचे. आठ तासांची मिनिटं चारशे ऐंशी. दहा हजारांना चारशे ऐंशीनं भागलं तर वीसच्या वर, एकवीसच्या किंचित आत.

"एकवीस धरा, काकू," ती म्हणाली. तिनं बाटलीला उभी पांढरी पट्टी चिकटवली, तिच्यावर तासातासाच्या रेघा मारल्या. "कुठल्या तासाला पाणी कुठं पाहिजे ते यावरून कळंल. हात वाकवला की थेंब बदलतात, तेवढं बघा."

हिशोब मला पटला. घरातला गॅस, तेल, पीठ किती दिवस पुरेल हे मी आजवर असंच काढत आले आहे. मी घड्याळ समोर ठेवून मोजायला बसले. आईनं हात पोटाशी घेतला की चौदा. सरळ केला की तेवीस. मी चाक केसभर फिरवायचे, पुन्हा मोजायचे.

दुपारी धारूरहून मामा आला. आईचा धाकटा भाऊ. चप्पल काढायच्या आधी त्याची नजर बाटलीवर गेली.

"हे काय थेंब थेंब चाललंय? आन् पांढरी कावून? पिवळी न्हाई का लावली? पिवळीत ताकद असती."

"मामा, तिला ताकद नको, पाणी पाहिजे. आन् ते पण हळू. हृदय कमजोर हाय तिचं. चाकाला हात लावू नका."

"आमच्याकडं डॉक्टर आर्ध्या तासात बाटली पाजतो. म्हातारी उठून भाकरी थापायला लागती."

"डॉक्टरांनीच सांगितलंय हळू."

"त्यांना काय, खाट भरलेली पाहिजे!"

शेजारच्या खाटेवरच्या बाईनंही मान डोलावली. मी वाद सोडला. सिस्टरनं इंजेक्शन आणायला सांगितलं होतं, म्हणून खाली औषधाच्या दुकानात गेले. तिथं गर्दी होती. परत आले तेव्हा नळीत थेंब दिसतच नव्हते, धार लागली होती. पाणी पट्टीवरच्या तीन रेघा खाली गेलं होतं, आणि मामा समाधानानं खुर्चीत बसला होता.

आई उठून बसू बघत होती. श्वास घेताना तिच्या गळ्यात घरघर वाजत होती आणि तिनं माझी ओढणी मुठीत धरली होती. मी चाक बंद केलं आणि ओरडले. सिस्टर धावत आली. तिनं खाटेचं डोकं वर केलं, ऑक्सिजन लावला. डॉक्टरांनी साठलेलं पाणी उतरावं म्हणून लघवीचं इंजेक्शन दिलं. श्वास खाली बसेपर्यंत मी तिची पाठ धरून उभी होते. एकवीस थेंबांचा अर्थ मला तेव्हा आकड्यात नाही, तिच्या बरगड्यांत कळला.

बाहेरच्या बाकावर मामा म्हणाला, "बघ, बाटली बंद केली म्हणून दम लागला."

"मामा, आधी दम लागला. मग मी बंद केली."

"तेच म्हणतोय मी. चालू ठिवली असती तर उठून बसली असती."

मी त्याला जीपपर्यंत पोचवलं आणि पुन्हा यायच्या आधी फोन करा म्हणून सांगितलं. त्याला राग आला. येऊ दे म्हटलं.

आईचे जुलाब थांबले नव्हते. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी छाती तपासून पुन्हा बाटली लावली, पहिल्यापेक्षाही हळू. तेवढीच बाटली, पण बारा तासांत. म्हणजे मिनिटाला चौदा. मी जागची हलले नाही. चौदा, तेरा, पुन्हा चौदा. तोंड धुवायला नळापर्यंत गेले आणि येऊन मोजलं तर सदतीस.

सदतीस! हात सरळ होता. मामा धारूरला. शेजारची बाई झोपलेली. मी चाक मागं फिरवलं, मोजून चौदावर आणलं आणि डोळे मिटून बसल्याचं सोंग केलं. थोड्या वेळानं आईचा मोकळा हात पांघरुणातून निघाला, नळीवरून चाचपडत वर गेला आणि अंगठ्यानं चाक ढकललं.

"माय! काय करतीस?"

ती दचकली नाही. "संपव की बाई एकदाचं. म्हैस दोन दिस तटून बसली आसंल. माझ्याबिगर कुणाला कासंला हात लावू देत न्हाई ती."

"काल श्वास कोंडला तो इसरलीस का?"

"ते तुझ्या मामानं लई सोडलं म्हणून. मी जराच सोडलं."

"जरा म्हणजे सदतीस! चौदा पाहिजेत."

"तू मोजीत बस. मोजून काय म्हशीचं दूध निघतंय व्हय?"

मला रडू आलं, आणि त्याहून जास्त चीड आली. जिच्या श्वासासाठी मी डोळे फोडत होते, तीच माझी नजर चुकवत होती. मी सिस्टरला सांगून स्टँड खाटेच्या डोक्यामागं नेला, चाक हाताला लागणार नाही इतकं वर सरकवलं. मग गावातल्या शेजारणीला फोन केला. म्हशीनं लाथ मारून बादली सांडली होती, पण रेडकू सोडल्यावर थोडी पान्हावली. हे सांगितलं तरी आई भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. बाटली मात्र रेघेला रेघ धरून उतरली, आणि रात्रभर तिचा श्वास शांत चालला.

जुलाब थांबल्यावर आम्ही घरी आलो. आई आधी गोठ्यात गेली, मग ओट्यावर बसली. विचारपूस करायला बाया जमल्या. मी चहा ठेवत होते, तेव्हा बाहेरून तिचा आवाज आला.

"पोरीनं बाटली चालूच दिली न्हाई. न्हाईतर मी कवाच घरी आले आसते."

मी तशीच बाहेर गेले. दहा हजार थेंबांपासून समजवायला सुरुवात केली. मिनिटांनी भागाकार सांगेपर्यंत सगळ्या नीट ऐकत होत्या असं मला वाटलं. मी थांबले तशी शेजारीण पुढं सरकली.

"ते झालं गं. पर बाटली पिवळी व्हती का पांढरी?"