हिरवा 'रेडी' दिसला की निघायचं: जळगाव ते पिंपळनेर

माझा धाकटा भाऊ निलेश दोन आठवड्यांसाठी परदेशी गेला आणि जाताना त्याची नवी प्लग-इन हायब्रिड गाडी आमच्या जळगावच्या दारात ठेवून गेला. "ताई, उभी ठेवू नकोस, चालवत राहा," एवढं सांगून स्वारी विमानात बसली. गाडी बॅटरीवरही चालते आणि पेट्रोलवरही. बॅटरी घरच्या प्लगला लावून भरायची. ती संपली की इंजिन आपोआप सुरू होतं. मला एवढंच ठाऊक होतं.

मी लगेच पिंपळनेर ठरवलं. तिथे आमच्या आबांची थोरली बहीण, आक्का, राहते. आबा म्हणजे माझे वडील, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पूर्वी दर दिवाळीनंतर स्वतः गाडी काढून बहिणीकडे जायचे. तीन वर्षांपूर्वी एक दिवस चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "गुडघा दुखतो. आता तू चालव." तेव्हापासून गाडीच काय, त्यांनी घराबाहेर पडणंच सोडलं. माणूस माझ्या डोळ्यांसमोर मिटत चालला होता. मला त्यांना बाहेर काढायचं होतं. जमलंच तर पुन्हा स्टिअरिंगवर बसवायचं होतं, कारण त्यांचा गुडघा रोज सकाळी गच्चीचे तीन जिने मुकाट चढताना मी पाहत होते.

डिसेंबरातला शनिवार, सकाळी सात. किल्ली पर्समध्ये, कारण ती कुठे घालायचीच नसते. मी बटण दाबलं. गाणी लागली. पुन्हा दाबलं, तर समोरच्या बोर्डवर दिवाळी झाली: लाल, पिवळे, सगळे दिवे. गाडी मात्र जागची हलेना. शेजारचे सुरेशभाऊ दात घासताघासता आले. "ताई, सेल उतरलेला दिसतो. धक्का मारू का?" आमच्या गल्लीत हे विचारायची पद्धत नाही, थेट मारायचीच आहे. मागे तीन जण उभेसुद्धा राहिले. त्यांना कसंबसं थांबवून मी माहितीपुस्तक उघडलं.

तर पहिला धडा: ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबायचं. तसं दाबलं, तर काहीच आवाज नाही. सुरू झाली नसेल म्हणून पुन्हा दाबलं आणि सुरू झालेली गाडी मीच बंद केली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा शेजारी बसलेले आबा म्हणाले, "आवाजाची वाट काय बघतेस? दिवे बघ. हिरवं काहीतरी लागतंय." खरंच, कोपऱ्यात हिरव्या अक्षरांत 'रेडी' दिसत होतं. तो दिवा दिसला की गाडी सुरू, मग ती कितीही गप्प असो. धक्क्यासाठी आलेली मंडळी हिरमुसून घरी गेली.

जळगाव ते धुळे रस्ता आता चांगला आहे, निवांत गेलात तरी दोन तास पुरतात. टोलसाठी फास्टॅगमध्ये पैसे ठेवा. एरंडोल मागे पडलं तरी गाडी बॅटरीवरच होती. बोर्डवर एक काटा असतो. पाय दाबला की तो वर जातो, सोडला की खाली 'चार्ज'कडे येतो, म्हणजे उतारावर गाडी स्वतःच थोडी बॅटरी भरून घेते. पारोळ्याच्या अलीकडे एकदम घर्रर्र झालं आणि मी दचकले.

"आबा, इंजिन सुरू झालं!"

"कधी?" म्हणत त्यांनी बोर्डकडे पाहिलं. "हां, बॅटरी संपली वाटतं."

मला वाटलं, डुलकी लागली असेल.

पारोळ्याला चहाला थांबलो. गाडी उभी करताच इंजिन बंद पडलं, म्हणून गाडी बंद झाली असं मी धरून चालले. तुम्ही ही चूक करू नका. हायब्रिडचं इंजिन थांबलं म्हणजे गाडी बंद झाली असं नसतं. 'रेडी' दिसतंय तोवर ती चालू आहे. बटण दाबून तो दिवा घालवायचा, मगच उतरायचं. मी किल्ली घेऊन तशीच उतरले, आबांसाठी चहा सांगितला, आणि गाडी मोठमोठ्याने पीं-पीं करायला लागली. सगळी टपरी वळून बघू लागली. चहावाले काका म्हणाले, "ताई, तुमनी गाडी बोंबली राहिनी!"

मी धावत गेले. आबा आत शांत बसून समोरचा केळ्यांचा ट्रक बघत होते. मी दार उघडून बटण दाबलं, आवाज थांबला.

"आबा, एवढी ओरडत होती, तुम्हाला ऐकू नाही आलं?"

त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं. मग म्हणाले, "नाही."

चहा आला, तो त्यांनी हातात धरून ठेवला आणि स्वतःच सांगायला लागले. "चोपड्याला लग्नाला गेलो होतो, आठवतं? येताना मी एकटाच होतो. मैलोन्‌मैल आलो, मग एका मोटरसायकलवाल्याने हात करून थांबवलं. म्हणाला, आबा, गाडी दुसऱ्या गिअरवर शे, केव्हापासून रडतेय. एकतीस वर्षं मी काट्याकडे न बघता कानांनी गिअर बदलले गं. आणि मला माझं इंजिन ऐकू येईना. गुडघ्याला काही झालेलं नाही."

मला रडूही आलं आणि रागही आला. राग त्यांचा कमी, माझा जास्त. जुन्या बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या डाव्या अंगाला असायचं, त्यांचा डावा कान त्यातच गेला होता. त्या दिवशी गाडी चालवताना मी त्यांच्या उजव्या, जरा बऱ्या कानाच्या बाजूला होते, म्हणून मला थोडंफार उत्तर मिळत राहिलं. बाकी सगळं ते हसून नाहीतर चिडून निभावत होते. मी मात्र तीन वर्षं त्यांच्यासाठी गुडघ्याचं तेल आणत राहिले.

धुळ्यात शेवभाजी-भाकरी खाल्ली, दोघांचे साडेतीनशे झाले. तिखट सोसत नसेल तर आधीच सांगा. निघताना पिवळा दिवा लागला, कंसात उद्गारचिन्ह. आबांनी पुस्तक मांडीवर घेऊन शोधून काढलं: चाकात हवा कमी. "लाल लागला तर थांबायचं, पिवळा लागला तर लक्ष घालायचं, हिरवा-निळा नुसती खबर देतो," त्यांनी मलाच शिकवलं. हवा भरली. साक्रीच्या पवनचक्क्या बघत दीडच्या सुमारास पिंपळनेरला पोचलो.

आक्का चौऱ्याऐंशीची, पण नजर आणि जीभ दोन्ही तल्लख. पाणी-गूळ झाल्यावर मी हळूच कानांचा विषय काढला, तर ती भावाकडे वळून खणखणीत आवाजात म्हणाली, "तुले ऐकू येत नई, हाई माले दोन वरीसपासून माहीत शे. फोनवर तू नुसता हां-हां करस!" आबा लाजले. मीही लाजले, कारण एवढ्या लांबून तिला कळलं होतं.

गाडी पाण्याच्या मोटरीच्या प्लगला लावली. घरचा मोठा पंधरा अँपिअरचा प्लग लागतो, वायरिंग बरं आहे ना ते आधी बघून घ्या. संध्याकाळी भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. रविवारी सकाळी बॅटरी पूर्ण होती. आक्का म्हणाली, "माले धरण दखाड. पन गाडी मना भाऊ चालाडी."

गाडी भावानेच चालवायची हा तिचा हट्ट बघून आबा नाही म्हणाले. मी त्यांना म्हटलं, "या गाडीत ऐकायला आहेच काय? गिअर नाहीत. जे सांगायचं ते ती दिव्यांनी सांगते." आक्काने तोवर हळद-कुंकू आणलं होतं. किल्ली भोकात नाही म्हटल्यावर तिने कुंकू थेट बटणालाच लावलं.

आबांनी सीट पुढे घेतली, तिन्ही आरसे लावले, पट्टा बांधला. ब्रेक. बटण. हिरवा. लाटीपाडा धरणाच्या रिकाम्या रस्त्याने वीसेक मिनिटं, तिशीच्या वेगाने, दर दोन क्षणांनी आरशात बघत त्यांनी गाडी नेली. आक्का पूर्ण वेळ त्यांच्या मेलेल्या कानाशी बोलत होती आणि ते एका शब्दाला उत्तर देत नव्हते. मागे बसून मी इतकी खूश झाले होते की धरणाचा एकही धड फोटो काढला नाही.

परतताना हायवे लागायच्या आधी त्यांनी स्वतःच गाडी बाजूला घेतली. "इथून तू. मागच्याचा हॉर्न ऐकू यायला हवा. आधी कान दाखवतो, मग बघू."

जाऊन-येऊन साधारण चौदा लिटर पेट्रोल लागलं. रोज चाळीसेक किलोमीटर फिरणाऱ्याला ही गाडी परवडेल, लांबच्या प्रवासाला ती शेवटी पेट्रोलचीच गाडी. निलेश येऊन घेऊन गेला आणि बटणावर लाल काय आहे, म्हणून फोनवर ओरडला. आबांचे कान तपासून झाले, पुढच्या आठवड्यात यंत्र मिळेल.

पण मला सांगायचंय ते परवाचं. बसस्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर रोज सकाळी निवृत्त ड्रायव्हर जमतात. आबा तीन वर्षं तिकडे फिरकले नव्हते. परवा स्वतः चपला घालून निघाले, मी भाजीच्या निमित्ताने मागून गेले. आबा बाकावर बसले आणि सगळ्या टपरीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जरा मोठ्यानी बोला भो, माले कमी ऐकू येस."

मग समोरच्या म्हाताऱ्याने कानामागे हात धरून विचारलं, "काय म्हना?" त्याच्या शेजारच्याने आबांचं वाक्य त्याच्या कानात ओरडून सांगितलं. तो म्हातारा आबांच्या गुडघ्यावर थाप मारून म्हणाला, "माले बी!" त्याच्या मागोमाग आणखी दोन हात वर झाले.