फिजियोथेरपीचा थर

आमच्या ह्यांना ऑफिसात थरवाले म्हणतात. भांडणात मीही म्हणते. हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागात बसून कुठल्या विभागात किती पेशंट आले याचा दर महिन्याला चार्ट काढायचा, हे ह्यांचं काम. संगणकात नोंदींचा हा ढीग पडलेला असतो. धुतलेले कपडे आपण ज्याचे त्याचे वेगळे काढतो ना, तशी पिव्होट टेबल नावाची संगणकातली सोय त्या नोंदी विभागवार वेगळ्या काढते. मग त्यावरून खांब उभे करायचे. एका महिन्याचा एक खांब, आणि त्यात डोळ्यांचा, हाडांचा, दातांचा असे रंगीत थर एकावर एक. मला हे इतक्या वेळा समजावून झालंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

माणूस वाईट नाही हो. पण नीटनेटकेपणाचं खूळ असं, की चादरीला सुरकुती दिसली तरी ह्यांचा जीव खालीवर होतो. चार्टचंही तेच. कुणी विभागाचं नाव जरा वेगळं टाइप केलं, की पिव्होट टेबल त्याला नवा विभाग समजते आणि खांबावर भलताच एक बारीक थर चढतो. हे काय करायचे, फिल्टरमध्ये जाऊन त्या नावापुढची टिक काढून टाकायचे. थर गायब, खांब स्वच्छ. "कचरा काढला," म्हणून घरी येऊन कौतुकाने सांगायचे. खरं तर मूळ नोंद दुरुस्त करायला हवी. पण दोन-चार पेशंटांसाठी उठून रिसेप्शनपर्यंत जाणार कोण?

अशात रिसेप्शनवर संध्याकाळच्या पाळीला नव्या बाई आल्या. सकाळच्या बाई फिजिओथेरपी लिहायच्या, ओ घालून. ह्या लिहायच्या फिजियोथेरपी, यो घालून. आपल्याकडे दोन्ही चालतं, वाचणाऱ्याचं काही अडत नाही. संगणकाचं अडतं. महिना संपता संपता बाई आलेल्या, त्यामुळे यो-वाल्या नोंदी पहिल्यांदा मोजक्याच होत्या. ह्यांनी सवयीने टिक काढली. आणि ती टेबल एकदा काढलेली टिक विसरत नाही, बायकोसारखी, असं हेच म्हणतात. पुढच्या महिन्यापासून संध्याकाळचा एकूण एक पेशंट चार्टच्या बाहेर राहिला. फिजिओथेरपीचा हिरवा थर निम्म्यावर आला. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबांनी खुंटा हलवून बळकट करून घेतला, "आकडा नक्की?" हे म्हणाले, "नक्की, सर." पेशंट निम्मे झालेत तर दोन पाळ्या कशाला, म्हणून संध्याकाळची फिजिओथेरपी बंद झाली. तिथल्या थेरपिस्ट ताई दुसरी नोकरी धरून निघून गेल्या.

आमच्या खालच्या मजल्यावर टेलरकाका राहतात. अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात गेला होता. मुलगी कामावरून सुटली की संध्याकाळी त्यांना हॉस्पिटलात न्यायची. सकाळी तिला कोण सोडणार? आणि हात परत येत होता. एकदा त्यांनी कात्री उचलून मला पडद्याचं कापड कापून दाखवलं आणि स्वतःच हसले. "वहिनी, नागमोडी पडदा चालेल ना?" मी म्हटलं, धावेल.

मग ते जाणं थांबलं. का थांबलं ते आम्ही विचारलंही नाही, हे आमचं शेजारपण. काही महिन्यांनी जिन्यात त्यांनीच ह्यांना गाठलं. उजव्या हाताची मूठ छातीशी आवळलेली. "भाऊ, तुमच्याकडे म्हणे संध्याकाळी कोणी येतच नव्हतं, म्हणून बंद केलं. आम्हाला तर बाकावर बसायला जागा मिळायची नाही."

हे वर आले ते पडलेल्या चेहऱ्याने. चहा तसाच निवला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात जाऊन आधी ती टिक परत लावली. घरी आल्यावर मला म्हणाले, "हिरव्याच्या वर तेवढाच जाड थर चढला गं. सगळे तिथेच होते."

साहेबांना जाऊन त्यांनी सगळं सांगितलं, तेवढं मानायला हवं. बोलणी खाल्ली, लेखी समज घेतली. नवीन थेरपिस्ट मिळाला, संध्याकाळची पाळी सुरू झाली, टेलरकाका पुन्हा जायला लागले. पण हात काही थांबून राहिला नव्हता. आता बोटं पूर्वीसारखी उघडणार नाहीत, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

त्या दिवसापासून ह्यांचं जेवणातलं लक्ष उडालं. काकांचं दार लागल्याचा आवाज आल्याशिवाय जिना उतरायचे नाहीत. शर्टाचं बटण तुटलं तर तसेच ऑफिसला गेले, हे, चादरीची सुरकुती मोजणारे. मला राग यायचा आणि कीवही यायची. शेवटी मी म्हटलं, "त्यांना काही माहीत नाही. सांगून काय हात बरा होणार आहे? झाकली मूठ राहू दे."

"त्यांची उघडतच नाही," हे म्हणाले आणि चपला घालून खाली निघाले. एकटं कसं सोडणार, मीही गेले.

भीतीने ह्यांच्या तोंडून सगळी ऑफिसची भाषा. पिव्होट, फिल्टर, ओ, यो. काका माझ्याकडे बघायला लागले. मी ह्यांना कोपराने ढोसलं.

"काका, तुम्ही यायचात ते चार्टमध्ये वेगळ्या नावाने येत होतं," हे म्हणाले. "मला वाटलं कचरा आहे. न बघता काढून टाकला. ती पाळी माझ्यामुळे बंद पडली."

आतल्या खोलीत मुलीची इस्त्री चालली होती, ती थांबली. काका रागावतील, हाकलतील, असं मला वाटलं. ते मात्र डाव्या हाताने उजवी मूठ कुरवाळत बसले.

"तेव्हा माझं तोंडही वाकडं होतं," ते म्हणाले. "रिसेप्शनला कुठे जायचंय ते धड सांगता यायचं नाही. पण त्या बाई चांगल्या. पुन्हा पुन्हा विचारायच्या, मला नीट म्हणता येईपर्यंत थांबायच्या, मगच लिहायच्या. मी घरी आरशासमोर म्हणून बघायचो, भाऊ, तो एक शब्द, फिजियोथेरपी."