शिवणक्लासच्या नावाखाली

आमच्या सेंटरमध्ये दोन गोष्टी रोज साठतात. एकेकटे मोजे आणि किस्से. मोजे शोभाताई एका खोक्यात टाकतात आणि कधी ना कधी त्यांचा मालक सापडतो. किश्श्यांचं काय करायचं? संध्याकाळी सतरंज्या झटकून झाल्या की चहाबरोबर ते एकमेकींना सांगायचे, इतकंच आपल्या हातात.

वाशिममध्ये ऑटिझम असलेल्या मुलांसाठी आमचं लहानसं सेंटर आहे. राजश्री मॅडम मुलांच्या बोलण्यावर काम करतात. मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे मुलांचे हातपाय, त्यांना सोसणारे आणि न सोसणारे आवाज, स्पर्श, हे माझं खातं. शोभाताई मुलांनाही सांभाळतात आणि आम्हा दोघींनाही. "तुम्हाला कंटाळा नाही येत का हो?" असं लोक विचारतात. अहो, धक्क्यातून बाहेर यायला वेळ मिळाला तर कंटाळा येईल ना! (नावं अर्थातच बदललेली आहेत. माणसं बदलता आली नाहीत.)

* * *

सुरुवात पहिल्याच आठवड्यापासून. बाहेर 'थेरपी सेंटर' अशी पाटी लागलेली. एक काका आले, चपला काढल्या, माझ्या मुलांच्या गादीवर आडवे झाले आणि पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला.

"इथं लय ठणकते," म्हणाले. "आधी शेक द्या, मंग करंट लावा."

मी समजावून सांगितलं की इथं लहान मुलं येतात, ज्यांना बोलायला, मिसळायला, गोंगाट सोसायला त्रास होतो ती. काकांनी खोलीभर नजर फिरवली. झोका, मोठा चेंडू, मण्यांच्या माळा, रंगीत उशा.

"म्हणजे दवाई नाई, सुई नाई?"

"नाही."

"मंग तुमी करता काय दिवसभर?"

हाच प्रश्न माझ्या घरी, अनसिंगलाही चालू होता. मी नागपुरात शिकले, पुण्यातल्या एका मोठ्या सेंटरचं बोलावणं आलं होतं, ते सोडून इथं आले. आईनं नातेवाईकांत 'पोरगी डॉक्टर झाली' असं सांगून ठेवलेलं. म्हणून माझी मावशी एकदा मुद्दाम बघायला आली. तेव्हा मी एका मुलीला झोक्यावर पालथं झोपवून तिच्याकडून खालचे चेंडू उचलून घेत होते. मावशी दारातूनच परत फिरली. संध्याकाळी आईला तिचा फोन.

"शिकली नागपुरात, अन् झोके देते वाशिमात! झोकेच द्यायचे होते तं अनसिंगले काय झाडं नव्हते?"

* * *

आमच्याकडे पोचायच्या आधी मुलांवर काय काय प्रयोग झालेले असतात, ते ऐकून मी अजूनही थक्क होते. काळा दोरा, गंडा, देवळातल्या घंटेवरून सोडलेलं पाणी, हे तर सगळ्यांचंच झालेलं असतं. कारंज्याच्या एका कापडदुकानदारानं मात्र कमाल केली. त्यांची मुलगी पिहू चार वर्षांची, बोलत नव्हती, दिवसभर एकाच सुरात "ऊं-ऊं" करायची. कोणीतरी सांगितलं, पोपटाचं उष्टं खायला द्या, वाचा फुटते. उष्टा पेरू रोज कुठून आणणार? गृहस्थांनी पोपटच आणला.

पोपट ठेवायला बंदी आहे हे राजश्री मॅडमनी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "सोडून देतो मॅडम, पण आधी एक सांगा. याच्यावर काही इलाज हाय का?"

"कशावर?"

त्यांनी मोबाइल काढून आवाज ऐकवला. "ऊं-ऊं. ऊं-ऊं." आम्ही म्हटलं, हो, पिहूचा आवाज आम्ही ओळखतो.

"पिहू नाई मॅडम, पोपट हाय. मिठू-मिठू म्हणे आधी. आता हेच करून राह्यला."

* * *

रिठदची वंदना सहा वर्षांच्या सार्थकला घेऊन यायला लागली, ती पिहूच्या नंतर. सार्थक एक शब्द बोलत नव्हता. त्याला लागायचंच नाही बोलायला. तहान लागायच्या आत आजी पाणी द्यायची, भूक लागायच्या आत आई घास भरवायची. राजश्री मॅडमनी वंदनाला पहिला गृहपाठ दिला. "वस्तू त्याच्या समोर धरायची, आणि थांबायचं. त्यानं बघितलं, बोट दाखवलं, हात ओढला, काहीही मागितलं की लगेच द्यायची. पण आधी थांबायचं. बडबड करायची नाही."

पुढच्या खेपेला वंदना आली ती पदर तोंडाला लावूनच.

"मॅडम, तुमचं थांबणं लागू पडलं."

"काय म्हणता! सार्थकनं मागितलं?"

"सार्थकनं नाई. त्याच्या पप्पानं."

झालं असं, की सार्थकचे वडील वावरातून आले की पाटावर बसायचे आणि ताट यायचं. लग्न झाल्यापासून तोंड उघडायची वेळच आली नव्हती. वंदना भाकर हातात धरून समोर बसली आणि थांबली. त्यांनी ताटाकडे पाहिलं, भाकरीकडे पाहिलं, शेवटी बायकोकडे पाहिलं.

"मंग बोलले, भाकर दे ना वंदे." वंदनाचे डोळे भरून आले होते. "मॅडम, मले तं वाटे याईले माहं नावच माईत नाई."

हसावं की रडावं हे आम्हा तिघींनाही कळेना. शोभाताईंनी मात्र त्याच रात्री घरी प्रयोग करून पाहिला. त्यांचे यजमान उठले आणि स्वतःच वाढून घेतलं म्हणे.

* * *

आता खरी अडचण सांगते. वंदनाच्या घरात शब्द चालतो तो सासऱ्यांचा. सगळे त्यांना आबाजी म्हणतात. आबाजींच्या धाकट्या मुलीचं लग्न जुळत आलं होतं. त्यांनी सुनेला स्पष्ट सांगितलं होतं, की नातू 'तसल्या' ठिकाणी जातो हे बाहेर कळलं तर सोयरीक मोडेल, तेव्हा हे सेंटर-बिंटर बंद. आणि सार्थकची नुकती कुठं गाडी रुळावर येत होती. माझ्या हाताला हात लावायला लागला होता, झोक्यापाशी जाऊन माझ्याकडे बघायला लागला होता. या वयात खंड पडला तर किती मागं जाईल, कोण जाणे.

वंदनानं युक्ती काढली. ती गावात सांगायला लागली, "वाशिमले शिवणक्लासले जाते, पोरगं घरी राहत नाई म्हणून संगं नेते." नवऱ्याची साथ होती. आबाजींनीही मान डोलावली. झालं!

पण गाव गप्प बसतं होय? पंधरवड्यात शेजारणीनं तिच्या हातात ब्लाउजपीस ठेवलं. "शिकून राह्यली ना वं, मंग शिवून दे." मग दुसरीनं. मग सासूनं. एक दिवस वंदना बसमधून उतरली ती एका हातात सार्थक आणि दुसऱ्या हातात ही मोठी पिशवी घेऊन. सुईत दोरा ओवता येत नाही या बाईला!

शोभाताईंच्या घरी मशीन होतं म्हणून निभावलं. शोभाताईंनी किती ब्लाउज शिवले देव जाणे. वर राजश्री मॅडमना म्हणाल्या, "मॅडम, पाटी तेवढी बदलून घ्या."

* * *

आणि याच शिवणक्लासनं एक दिवस आमची बोबडी वळवली.

पिहू कारंज्याहून आठवड्यातून एकदाच यायची. तिची वेळ आणि सार्थकची वेळ कधी एक आली नव्हती. त्या दिवशी कारंज्याची बस उशिरा आली. बाहेरच्या बाकावर वंदना बसलेली. पिहूची आई पिहूला कडेवर घेऊन आत आली, आणि दोघी एकमेकींकडे बघतच राहिल्या. मी दारात होते. दोघींच्या चेहऱ्यावरचा रंग उडालेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला.

वंदनाच्या नणंदेला जो मुलगा पाहून गेला होता, तो पिहूचा काका! बघण्याच्या कार्यक्रमात या दोघींनी शेजारी बसून पोहे खाल्ले होते. तेव्हा पिहू "मामाच्या घरी" होती आणि सार्थक "झोपला" होता.

"तुमी इथं?" पिहूची आई म्हणाली.

"शिवणक्लास," वंदना म्हणाली.

पिहूच्या आईनं आत पाहिलं. झोका, चेंडू, चित्रांची कार्डं. कुठं मशीन नाही, कात्री नाही, टेप नाही. सार्थक भिंतीशी बसून चाक फिरवत होता. तिनं पिहूला खाली ठेवलं. पिहू सार्थकपासून हातभर अंतरावर बसली आणि दुसरं चाक फिरवायला लागली.

"मी पण," पिहूची आई म्हणाली.

मग बाकावर दोघी शेजारी बसल्या. जाताना एकमेकींच्या मुलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि घरी सांगायचं नाही अशी शपथ घेतली. दोन्ही घरं एकमेकांपासून एकच गोष्ट लपवत होती, आणि ती फक्त या दोघींना आणि आम्हाला ठाऊक! एका घराचं दुसऱ्या घराला सांगायचं नाही हा आमचा नियम. असा राग आला मला त्या नियमाचा.

* * *

आबाजी नुसते कठोर आहेत असं मात्र समजू नका. आमच्याकडे आता बघावं तिकडं सोयाबीन, पण आबाजी हट्टानं थोडा कापूस लावतात. वेचून आणला की तो घरातल्या एका खोलीत भरून ठेवायचा. एका दुपारी सार्थक सापडेना. गाव गोळा झालं. आबाजी स्वतः गळ घेऊन विहिरीवर गेले. वंदनानं मला फोन केला, आणि मी आधी विहिरीचंच विचारलं. अशा मुलांना पाण्याची ओढ असते, हे माझ्याइतकं त्या गावात कोणाला माहीत होतं?

सार्थक कापसाच्या खोलीत निघाला. गळ्यापर्यंत कापसात रुतून शांत झोपलेला. कापसानं अंगाला खाज सुटते, तुम्हीआम्ही दोन मिनिटं बसणार नाही. पण सगळीकडून येणारा तो दाब त्याला हवा होता. आमच्याकडे तो ज्यासाठी गादीत घुसतो, तेच त्यानं घरी शोधून काढलं होतं.

आबाजींनी त्याला उठवू दिलं नाही. दुसऱ्या दिवशी व्यापारी टेम्पो घेऊन आला, त्याला दारातून परत पाठवलं.

"काहून वो आबाजी?"

"पोरगं झोपते त्याच्यात."

* * *

आणि हा शेवटचा.

खोटं किती दिवस चालणार? बसस्टँडवरच्या कोणीतरी आबाजींच्या कानावर घातलं, की तुमची सून शिवणक्लासला नाही, वेड्या पोरांच्या शाळेत जाते. साखरपुडा चार दिवसांवर आलेला. आबाजी थेट सेंटरमध्ये. पांढरं धोतर, टोपी, हातात काठी. खुर्ची दिली, बसले नाहीत. वंदना कोपऱ्यात उभी.

"पोराचं नाव कापा," म्हणाले. "आजपासून येणार नाई तो."

राजश्री मॅडम शांतपणे समजावत होत्या. माझ्या ओठांवर पिहूचं नाव येत होतं आणि मी ते गिळत होते. आबाजींनी सार्थकचा दंड धरला. आणि नेमकं त्याच क्षणी शेजारच्या फॅब्रिकेशनवाल्यानं लोखंड कापायचं कटर सुरू केलं.

सार्थकनं दोन्ही कान दाबले, किंचाळला आणि भिंतीवर डोकं आपटायला लागला. धाड, धाड. शोभाताई शेजाऱ्याकडे पळाल्या. मी उशी घेऊन सार्थक आणि भिंत यांच्या मध्ये घुसले, त्याला गादीवर घेतलं, तोंड मोकळं ठेवून गादीत गुंडाळलं आणि खांद्यापासून पायापर्यंत हळूहळू दाबत गेले. तो स्वतःच आत आणखी सरकला. कटर बंद झालं. किंचाळणं कमी झालं, मग हुंदके, मग नुसता श्वास. थोड्या वेळानं त्यानं डोळे मिटले.

मी वर पाहिलं. आबाजी खाली फरशीवर बसले होते. काठी कुठंतरी बाजूला पडलेली.

"हे कोणं शिकवलं तुमाले?" त्यांनी विचारलं.

"कॉलेजात, आबाजी."

"कॉलेजात शिकवतेत हे?"

"हो."

ते सार्थककडे बघत राहिले. मग माझ्याशी नाही, कोणाशीच नाही, असं बोलले, "माहा भाऊ किसना बी असाच डोकं आपटते. आमी त्याले खाटेले बांधून ठेवतो."

"किसनाकाका?" वंदना पुढं आली. "वावरातले? मले तं सांगतलं होतं का त्याईले तिथंच करमते म्हणून."

आबाजींनी टोपी काढून हातात घेतली.

"मॅडम, मोठं लेकरू घेता का तुमी?"

"घेतो ना, आबाजी," मी म्हटलं. "किती मोठं आहे?"

"माह्याहून दोन सालानं लहान."