सागाखालचं ऊन

दोन हजार सालानंतर नाशिकच्या एका संस्थेत मला नोकरी लागली. पेठ तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हावर चालणारी पाणी शुद्ध करायची छोटी यंत्रं बसवायची, हे माझं काम. यंत्र साधं होतं. सोलरच्या पॅनेलवर पंप चालायचा, विहिरीचं पाणी वाळूच्या गाळणीतून टाकीत चढायचं, आणि बॅटरीवरची एक बोटभर मोटार त्यात क्लोरीनचे थेंब सोडायची. माझ्याकडे डिप्लोमा होता, राग नाकावर होता, आणि खांद्याला घरून भरून आणलेली पाण्याची बाटली असायची.

चैत्रात एका पाड्यावर जागा पाहायला गेलो. विहिरीला लागूनच सपाट तुकडा मिळाला. दोन्ही बाजूंना सागाची झाडं होती, पण नुसते खराटे. ऊन मुबलक. मी चुन्यानं खूण केली. यंत्र सांभाळायला पाड्यानं जिला निवडलं होतं, ती बाई तिथंच उभी होती. आदल्या पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली, त्यात तिची चार वर्षांची मुलगी गेली होती. हे तिनं नाही, इतरांनी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "सायेब, माझ्या खळ्यावर बसवा. हितं आखाडात सावली व्हईल."

"कशाची सावली, ताई? झाडाला औषधाला तरी पान आहे का?"

फुकटची वस्तू आपल्या दारात यावी असं प्रत्येकालाच वाटतं, असं मी मनात म्हटलं आणि विषय संपवला. यंत्र बसल्यावर तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. औषधाची मोटार थांबली की नळ बंद. मग कुणी काही म्हणो. तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं.

श्रावणात पेठच्या बाजारातून कुणीतरी ऑफिसात फोन केला, की आठ दिवस नळाला पाणी नाही. एसटीत बसलो तर वाटेत सर येत होती, जात होती, मधूनच लख्ख ऊन पडत होतं. एवढं ऊन असताना बॅटरी उतरतेच कशी? मागच्याच महिन्यात दुसऱ्या एका पाड्यावर लोकांनी बॅटरीवर टीव्ही लावला होता. म्हणून निकाल मी एसटीतच देऊन टाकला.

पोचलो तर नळाला सुतळी गुंडाळलेली, तिच्यावर गाठीवर गाठ. टाकी अर्धी भरलेली, बॅटरी मेलेली. हंडे घेऊन उभ्या असलेल्यांपैकी एक बाई म्हणाली, "हिनंच बांधलाय. हात लावू देत नाय. विहीर तर यंत्रासाठी झाकलीय, आमाला पार नदीवर जावं लागतं, लय बोललो तिला."

मी सगळ्यांसमोर तोंड सोडलं. "टीव्ही लावलात ना बॅटरीवर? आणि वर नळ बांधून बसलात! ताई, तुमच्यावर भरवसा ठेवला हीच माझी चूक."

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझ्या घरात टीव्ही नाय, सायेब. वर बघा."

वर सुपाएवढाली हिरवीगार पानं होती. सकाळी एका बाजूचे साग, दुपारनंतर दुसऱ्या बाजूचे. मधे ढग मोकळीक देतील तेवढा वेळ पंप कसाबसा चालायचा, पण बॅटरी भरत नव्हती. म्हणून औषध बंद, म्हणून नळ बंद. मी शिकवलं होतं तस्संच. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात. इथं तर सुळी द्यायला चोरच नाशिकहून आला होता.

"एवढी बोलणी खाल्लीत, तरी गाठ सोडली नाहीत?"

"टाकीतलं पाणी चांगलं दिसतं," ती म्हणाली. "त्या वक्ताला बी चांगलंच दिसत व्हतं."

मला लाज वाटली. तोंड लपवावंसं वाटलं.

साग तोडायचा तर वनखात्याची परवानगी हवी. नाशिकचे साहेब फोनवर म्हणाले, फांद्या छाटून घ्या. उंटावरून शेळ्या हाकायला त्यांचं काय जात होतं! शेवटी पॅनेलं तिच्या खळ्यावर नेली. खळं कुठंही करत नाहीत. दिवसभर ऊन कुठं राहतं ते पिढ्यान्‌पिढ्या पाहून करतात. माझ्या डिप्लोम्यात हे नव्हतं.

"आता नागली कुठं झोडाल?" मी विचारलं.

"शेजारणीच्या खळ्यावर. तिला बी पाणी लागतंच की."

तिसऱ्या दिवशी बॅटरी भरली. जुनं पाणी सोडून दिलं, टाकी नव्यानं भरली, थेंब पडू लागले. हंड्यांची रांग लागली. तिनं सुतळीच्या गाठी दातांनी सोडवल्या, नळ उघडला आणि पहिला पेला भरून माझ्यापुढं धरला.

"आदी तुमी, सायेब."

ती माझ्या तोंडाकडे पाहत नव्हती. माझ्या खांद्यावरच्या बाटलीकडे पाहत होती. चैत्रापासून मी त्या पाड्यावर येत होतो आणि तिथल्या पाण्याचा एक घोटही माझ्या घशाखाली गेला नव्हता. हे तिनं कधीपासून पाहिलं होतं, कोण जाणे.

मी पेला रिकामा केला. औषधाचा वास येत होता. तिनं पेला परत घेतला, मग ती रांगेकडे वळली आणि म्हणाली, "भरा."