रुखमाचा आवाज

सिहोऱ्यात सेवकराम बोंदऱ्याइतकी देखणी बाई दुसरी नव्हती, असं जुने लोक अजून म्हणतात. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत, दंडारीच्या खेळात तो लुगडं नेसून उभा राहिला की बघ्यांच्या बिड्या हातातच विझायच्या. गळा तर असा बारीक की पाठमोरा गायला तर सख्ख्या सासऱ्यानंही सून म्हणून हाक मारावी. दिवसा मात्र मिशीवाला, धानाची शेती करणारा चांगला बाप्या माणूस.

एकोणऐंशीच्या आषाढात सिनेमावाले गावात आले. त्यांना खरीखुरी रोवणी हवी होती. सेवकरामाच्याच बांधीत बाया चिखलात वाकून धानाची रोपं लावत होत्या आणि त्याची बायको रुखमा गाणं धरत होती. एका चष्मेवाल्यानं बांधावर यंत्र ठेवून ते भरून घेतलं. सेवकराम तेव्हा पलीकडच्या शेतातून रोपांच्या जुड्या वाहत होता. चष्मेवाल्यानं कुणाचं नाव विचारलं नाही, आणि बायांनीही सांगितलं नाही.

दोन वर्षांनी नागपूरच्या पेपरात आलं की त्या सिनेमाला दिल्लीचं बक्षीस मिळालं, आणि परीक्षकांनी रोवणीच्या गाण्याचं खास कौतुक केलं. गाव असं फुगलं की विचारू नका. जो तो आपण पडद्यावर कुठे दिसतो ते सांगत सुटला. एकानं तर आपल्या म्हशीची शेपटीही दाखवायचं कबूल केलं होतं. तुमसरच्या टॉकीजमध्ये सिनेमा लागला तेव्हा निम्मं गाव बंड्या जुंपून गेलं. गाणं सुरू झालं, पडद्यावर नुसत्या वाकलेल्या पाठी दिसल्या, तसा टिकाराम शिंपी खुर्चीवरून उठला.

"अबे, हा तं आपला सेवकराम होय!"

साऱ्यांच्या माना वळल्या. बाईच्या गळ्यानं गाणारा गावात एकच, हे सगळ्यांना पाठ होतं. सेवकरामानं पहिल्याच दमात ओळखलं होतं की हा आवाज रुखमाचा. 'नाही' म्हणायला फार तर एक श्वास लागला असता. त्यानं मान खाली घातली, आणि लोकांना ते लाजणं वाटलं. पुढे तो स्वतःला समजावायचा की बायकोचा आवाज टॉकीजमध्ये वाजतो म्हटलं असतं तर लोकांनी तिला नावं ठेवली असती, आपण तिची अब्रूच राखली. समजूत चांगली होती. फक्त ती त्याला सुचली तीन दिवसांनी.

रुखमा बायांच्या बाजूला बसली होती. परतताना बंडीत ती काही बोलेल म्हणून तो वाट पाहत राहिला. ती गावातल्या एका लग्नाबद्दल बोलली.

त्या वर्षीच्या मंडईत सरपंच पुंडलिकरावांनी सत्कार ठेवला. शाल, नारळ, हार, आणि "सिहोऱ्याचा गळा दिल्लीले पोहोचला" असं लांबलचक भाषण. मग लोकांनी तेच गाणं मागितलं. सेवकराम दोन कडवी गायला आणि अडला. तिसऱ्या कडव्यात सासुरवाशीण बगळ्याला माहेरची खुशाली विचारते. ते रुखमानं लाखांदूरच्या माहेराहून, आईकडून आणलेलं होतं. यानं दंडारीतलं भलतंच कडवं ठोकून दिलं. पुरुषांनी टाळ्या पिटल्या. बाया पदराआड हसल्या, कारण रोवणीला त्या सगळ्या तिथेच होत्या. गावात पुरुषांची बातमी एक आणि बायांची दुसरी, दोन्ही शेजारीशेजारी सुखानं नांदत होत्या. रुखमानंच त्यांना गप्प राहायला सांगितलं होतं. तरी शेजारची शकुंतलाबाई वाटेत त्याला म्हणालीच, "भावजी, तिसरं कडवं आमाले इचारून जायचं होतं."

पुढच्या आषाढात बाया बांधीत उतरल्या. गाणं कोणी धरेना. रुखमा खाली मान घालून रोपं लावत होती. शेवटी शकुंतलाबाईनं सूर काढला, पण तो दोन ओळींत बसला. सेवकराम बांधावर थांबला होता. लग्न झाल्यापासून दर पावसाळ्यात त्यानं तो आवाज ऐकला होता आणि एकदाही त्याचं कौतुक केलं नव्हतं.

जेवताना तो म्हणाला, "काहून वो, औंदा गायली नाईस?"

"तुमचं गाणं मी कायले म्हणू? लोक म्हणतीन, नवऱ्याची नक्कल करते."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर त्याला काही करता आलं असतं. दुसऱ्या वर्षी त्यानं पुन्हा विचारलं, तिसऱ्या वर्षी विनवलं. दंडार सोडली. ती जात्यावरसुद्धा गुणगुणेना.

शहाऐंशी साली पंचायतीत टीव्ही आला. एका रविवारी दुपारी तोच सिनेमा लागला, बक्षीसवाला म्हणून. सगळं गाव दाटीवाटीनं बसलं. गाणं सुरू झालं आणि लोक सेवकरामाकडे बघून माना डोलवू लागले. तो उठला. तोंड उघडायला त्याला पाच वर्षं लागली होती.

"हा आवाज माहा नोहे. रुखमाचा होय. मी खोटं बोललो."

क्षणभर फक्त टीव्हीतली रुखमा गात राहिली. मग पुंडलिकराव मोठ्यानं हसले.

"बस गा, सेवकराम. मोठा माणूस असाच बोलते."

"सरपंच, तिलेच इचारा. ते बसली हाये."

साऱ्या गर्दीनं मागे पाहिलं. शकुंतलाबाईनं रुखमाला कोपरानं ढोसलं. रुखमानं टीव्हीकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"त्यायचाच होय," ती म्हणाली. "मले कुठं गाता येते?"

लोक पुन्हा टीव्हीकडे वळले. तिसरं कडवं सुरू झालं होतं. सेवकराम उभाच होता. मागून कुणीतरी म्हणालं, "बस ना गा, दिसून नाई राहिलं." तो खाली बसला आणि ते कडवं त्यानं शेवटपर्यंत ऐकलं.